ढाळ असलेला माणूस

कासमभाई कुणाच्याही घरी गेले की आधी खिशातून गोटी काढतात. पाणी, चहा, तब्येत, पाऊस हे सगळं नंतर. हिरव्या काचेची साधीच गोटी. ती ते जमिनीवर अलगद ठेवतात, बोट काढून घेतात आणि भुवया वर करून थांबतात. गोटी हलली की तिच्या मागोमाग ओणवे होऊन चालू लागतात. मग ती सोफ्याखाली जावो, देवघराखाली जावो, नाहीतर नव्या सुनेच्या पायाशी जावो. ती थांबली की हेही थांबतात, कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि निकाल देतात.

"ढाळ हाय. पण उलटा हाय."

शेजारच्या नव्या इमारतीत बँकेतल्या एका साहेबांनी तळमजल्यावर फ्लॅट घेतला, त्याच्या वास्तुशांतीला आम्ही दोघं गेलो होतो. आलेली माणसं चकचकीत फरशीकडे बघून माना डोलवत होती. कासमभाईंनी गोटी ठेवली. ती दिवाणखान्यातून निघाली, वळली आणि थेट झोपण्याच्या खोलीत पलंगाखाली गेली. कासमभाईही गेले. पलंगाखालून त्यांचा आवाज आला, "साहेब, पुराचं पाणी तुमच्यासंगत झोपायला येणार."

साहेबांच्या पत्नीच्या हातातला पेढ्यांचा डबा तसाच राहिला. साहेब म्हणाले, "अहो, सगळ्यात महागाची टाइल आहे ही."

"टाइल लय भारी हाय," कासमभाई गुडघे झटकत बाहेर आले. "पाणी आरशात बघत बघत आत जाईल."

आम्हाला दोघांनाही त्या घरातून पुन्हा बोलावणं आलं नाही. कासमभाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांची गोटी तिथे राहिली, याचं मात्र वाटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन ते ती घेऊन आले.

ढाळ म्हणजे काय ते महाडबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. फरशी बसवताना पाणी वाहून जावं म्हणून गवंडी तिला एका बाजूला किंचित कलती ठेवतो, तो ढाळ. कासमभाईंना हा शब्द दुसऱ्या कुठल्याही शब्दाशी मिसळलेला चालत नाही. मी एकदा सहज म्हणालो की ढाळ काय, उतार काय, तिरपं काय, एकच. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"मास्तर, तिरपं म्हणजे डोळ्याला दिसतं ते. पाऊस तिरपा येतो, टोपी तिरपी घालतात. कललेलं म्हणजे आज ना उद्या पडणार. उतार देवानं दिला, तो आंबेनळी घाटात जाऊन बघा. ढाळ माणसाला द्यावा लागतो. आणि दिला तर दिसता कामा नये. दिसला तर तो ढाळ नाय, घसरगुंडी."

मी मास्तर कधीच नव्हतो. तालुक्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि आता निवृत्त आहे. पण पुस्तकाला हात लावणारा प्रत्येक माणूस कासमभाईंच्या लेखी मास्तर. तेव्हा मास्तरासारखं वागावं म्हणून मी घरी जाऊन शब्दकोश काढला आणि संध्याकाळी त्यांना वाचून दाखवला. राजावर चवऱ्या ढाळतात. दुःखात अश्रू ढाळतात. दिवस ढळतो, पदर ढळतो, तोल ढळतो. आणि पोट बिघडलं की माणसाला ढाळ होतात. शेवटचा अर्थ मी जरा हळूच वाचला. कासमभाई गंभीरपणे ऐकत होते.

"तो पण आमच्याच धंद्यातला," ते म्हणाले. "साचलेलं बाहेर काढायचं."

माणसांनाही ते हाच शब्द लावतात. आमच्या आळीत एक गृहस्थ आहेत. त्यांना कुणाच्या तरी लग्नात पंगतीत जिलबी वाढायची राहिली होती. ज्यांचं लग्न होतं त्यांची मुलं आता कॉलेजात जातात, पण हे अजून तो विषय काढतात. कासमभाई त्यांना बघून मला म्हणतात, "ह्याला ढाळ नाय दिलेला. साचून राहतं. डास होणार." एखादा वक्ता थांबायचं नाव घेईना की मागच्या रांगेतून पुटपुटतात, "ढाळ नाय." नळाला पाणी कमी आलं तरी तेच, आणि जावई सासरी फार दिवस राहिला तरी तेच.

हे शास्त्र त्यांनी मस्कतमध्ये मिळवलं. तरुणपणी ते तिकडे गेले आणि अर्धं आयुष्य मोठमोठ्या घरांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवत राहिले. मी विचारलं, जिथे पाऊसच नाही तिथे ढाळाचं एवढं काय?

"म्हणून तर," ते म्हणाले. "तिथं पाणी लाडाचं. वाया जायचं तर तेपण सांगितलेल्या वाटेनं."

तिथल्या साहेबाला मुदीर म्हणतात. तो मुदीर ढाळ तपासायला गोटी वापरायचा. तिथूनच कासमभाईंनी ती उचलली. परत येऊन त्यांनी चवदार तळ्याच्या मागच्या आमच्या आळीत घर बांधलं, तेव्हा पुढच्या दरवाजापासून मागच्या न्हाणीपर्यंत सगळं घर त्यांनी रस्त्याकडे ढाळलं. घरात लिंबू सुटलं तर ते रस्त्यावर जातं. आळी हसली. मग पूर आला.

सावित्रीचं पाणी घरात शिरणं महाडला नवं नाही. खरा छळ पाणी ओसरल्यावर सुरू होतो. घोट्याएवढा, वास मारणारा, चिकट गाळ घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात बसलेला असतो. आम्ही सगळे सुपल्या, बादल्या, जुने पत्रे घेऊन तो ओढत होतो. कासमभाईंनी मागून पाणी सोडलं आणि त्यांच्या घरातला गाळ आपल्या पायांनी चालत बाहेर गेला. दुपारी ते दारात खुर्ची टाकून कोरा चहा पीत आमच्याकडे बघत बसले. त्या दुपारी आळीतला एकही माणूस त्यांच्याशी बोलला नाही. शेवटी आतून हलिमाबींची हाक आली.

"ओ मुदीर, झाला असंल चहा तर उठा. त्या पाटीलकाकूंच्या घरात जा फावडा घेऊन."

मुदीर उठले. रात्री परत आले तेव्हा ते ओळखू येत नव्हते.

हलिमाबी म्हणजे त्यांच्या पत्नी. माहेर पोलादपूरकडे, उमरठच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत. त्या म्हणायच्या, "आमच्याकडं सपाट असं काय नाय. ताटातली डाळपण एका बाजूला जाते. म्हणून तर ह्यांच्याशी जमलं." त्या बोलायच्या फार. दुपारची नमाज झाली की आळीत निघायच्या. पाटीलकाकूंकडे एक थांबा, रमेशशेठ वाण्याच्या दुकानात दुसरा, आणि शेवटचा थांबा आमच्याकडे. आमच्याकडे त्या आणि माझी पत्नी सुमन स्वयंपाकघरात बसायच्या, ते पुढची अजान होईपर्यंत. मी बाहेर वाचत असायचो. आत काय बोलणं चालायचं ते मला कधी नीट कळलं नाही. दोघी एकाच वेळी बोलायच्या आणि तरीही दोघींना सगळं ऐकू जायचं.

पुरानंतर आळीतल्या लोकांनी कासमभाईंकडून ढाळाचा धडा घेतला नाही. घेतला तो उंचीचा. ज्याला जमेल त्याने जोतं वाढवलं. एकेक घर टाचा उंचावून उभं राहिलं आणि प्रत्येकाच्या दारात तीन-तीन, चार-चार पायऱ्या आल्या. आमच्याही.

आणि मग हलिमाबींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. पुढे बोलणं परत आलं, पाय आले नाहीत. कुवेतमधल्या भाच्याने चाकाची खुर्ची पाठवली. कासमभाईंच्या घराला ढाळ, त्यामुळे खुर्ची सहज रस्त्यावर आली. पण रस्त्यावर येऊन करायचं काय? जिथे जावं तिथे पायऱ्या. आळीतली पोरं म्हणाली, चाची, आम्ही उचलून नेतो.

"मी काय गॅसचा बाटला हाय?" त्या म्हणाल्या. मग सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाल्या, "आणि माझ्या नावानं कुणाकडं काय मागायचं नाय. सांगून ठेवते."

त्या दिवसापासून त्या आपल्या दारात बसू लागल्या. येणाराजाणारा थांबायचा, दोन शब्द बोलायचा. पण दारात थांबून बोलणं म्हणजे बोलणं नव्हे. हळूहळू त्या दोन शब्दांतला त्यांचा एकही उरला नाही. त्या मान हलवायच्या.

कासमभाईंनी बायकोचा शब्द पाळला. तिच्या नावाने कुणाकडे काहीही मागितलं नाही. ते फक्त गोटी आणि घमेलं घेऊन आळीत फिरू लागले आणि दिसेल त्याला पायऱ्यांवर ढाळ टाकून घ्यायचा सल्ला देऊ लागले. रमेशशेठना त्यांनी सांगितलं की पोती ढकलत आत जातील, हमालांची कंबर वाचेल. रमेशशेठकडे हमालच नाहीत, ते स्वतःच पोती उचलतात. तरी त्यांनी मान्य केलं. मग पाटीलकाकूंची पाळी आली.

"काकू, तुमच्या गुडघ्यांसाठी म्हणतो."

"माझे गुडघे उत्तम आहेत."

"आता हायत. सिमेंट सुकेपर्यंत बघू."

काकूंच्या दारातला ढाळ तयार झाला तेव्हा तो पारखायला कासमभाई स्वतः चाकाच्या खुर्चीत बसले आणि वरून सुटले. खुर्ची आळी ओलांडून रमेशशेठच्या बटाट्यांत गेली. कासमभाई उठले, लुंगीला लागलेली माती झटकली, हरवलेली चप्पल शोधली आणि शांतपणे म्हणाले, "थोडा कमी करू." काम पुन्हा फोडून लांबट केलं. हलिमाबी आपल्या दारातून हे सगळं बघत होत्या. हसल्या असाव्यात, पण पदर तोंडावर होता.

आळीत कुणी खुळं नव्हतं. काकू एकदा मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, गुडघे माझे ठणठणीत आहेत हो. पण ते एवढं म्हणतायत तर म्हटलं, दुखू देत."

हलिमाबींना काकूंकडे नेलं. त्या बसल्या, सरबत प्यायल्या, हो नाही म्हणाल्या आणि परत आल्या. रमेशशेठकडेही तसंच झालं. त्यांना जायचं होतं ते घर एकच होतं आणि तिथे ढाळ नव्हता. कासमभाई सगळीकडे फिरले, पण आमच्या दारात घमेलं घेऊन आले नाहीत. कारण सुमनने तेव्हा अंथरूण धरलं होतं. आत आजारी माणूस, बाहेर छिन्नीचे घाव आणि सिमेंटची धूळ, हे त्यांना बरं दिसलं नाही. "वहिनी उठल्या की करू," ते मला म्हणाले. तोपर्यंत दोघी मैत्रिणी फोनवर असायच्या. एकीचा आवाज अडखळायचा, दुसरीचा पुरायचा नाही. मग दोघीही गप्प राहायच्या आणि फोन चालू ठेवायच्या. मी सुमनच्या उशाशी तो धरून बसायचो.

सुमन उठली नाही. पाऊस संपता संपता ती गेली.

त्या दिवशी हलिमाबींची खुर्ची आमच्या पायऱ्यांच्या खाली उभी होती. सकाळपासून सुमनला नेईपर्यंत. पोरं पुन्हा पुढे झाली, आणि कासमभाईंनी नुसता हात वर करून त्यांना थांबवलं. मी खाली आलो तेव्हा हलिमाबींनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. शब्द आला नाही. त्यानंतर घरीही त्यांचं बोलणं जवळजवळ बंद झालं, असं कासमभाईंनीच मला नंतर सांगितलं. ते रोज संध्याकाळी येऊन माझ्याजवळ बसायचे आणि फरशीकडे बघत राहायचे. गोटी काढायचे नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "थांबायला नको होतं, मास्तर. धूळ काय, पुसता आली असती."

दिवाळीनंतर एका सकाळी ते घमेलं, थापी आणि सुतळी घेऊन दारात हजर झाले. चेहरा अगदी कामाचा.

"मास्तर, तुमच्या पुस्तकांची मला काळजी वाटते. पूर आला तर हातानं किती काढणार? ढाळ असला तर गाडीवर घालून सरळ बाहेर."

"पूर आल्यावर पुस्तकं बाहेर काढायची? बाहेर तर पूर असेल."

त्यांनी आकाशाकडे बघितलं. खूप विचार केला.

"मग बाहेरची आत घ्यायला," ते म्हणाले.

मी म्हणालो, पुस्तकांसाठी जरूर करा. फक्त पायऱ्या राहू द्या. दुसऱ्या पायरीवर बसून सुमन मेथी निवडायची.

"पायऱ्यांना कोण हात लावतंय," ते म्हणाले आणि बाजूची जागा बघू लागले. बाजूला तुळशीवृंदावन होतं. ते हलवलं असतं तर ढाळ सरळ आला असता. मी तसं सुचवलंही. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सुतळी धरून बराच वेळ उकिडवे बसले आणि मग तुळशीला वळसा घालून एक वाट आखली. खालून सुरू होते, तुळशीपाशी वळते आणि ओसरीला लागते.

"आंबेनळी," ते खूश होऊन म्हणाले. "पोलादपूरच्या माणसाला घरी गेल्यासारखं वाटलं पाहिजे."

"पुस्तकांना," मी म्हणालो.

"पुस्तकांनाच म्हणतो मी."

मदतीला आलेल्या गवंड्याला त्यांनी हाकलून दिलं. त्याचा हात जड आहे म्हणे. कासमभाईंचं वय झालेलं, दम लागायचा, थापी ठेवून तुळशीपाशी बसायचे. मी पाणी मारत होतो. सिमेंट ओलं असताना ते राखणीला बसले, तरी डुलकी लागली तेवढ्यात आळीतलं कुत्रं वरपर्यंत जाऊन आलं. पंजे उमटले. कासमभाईंनी कुत्र्याच्या सगळ्या खानदानाची आठवण काढली आणि मग खाली वाकून ठसे निरखले. "राहू दे. चाकाला पकड मिळेल."

ढाळ सुकला त्या दुपारी हलिमाबी आल्या. कासमभाई मागून खुर्ची ढकलत होते आणि तुळशीच्या वळणावर त्यांनी तोंडाने हॉर्न वाजवला. ओसरीवर आणून खुर्ची माझ्या हाती दिली.

"तुम्ही न्या आत. मी बसतो हितं. ढाळाकडं लक्ष ठेवाय पायजे."

मी खुर्ची आत नेली. हलिमाबी सुमनच्या पलंगाकडे बघत राहिल्या. मग डावा हात वर करून त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. तिथे नेल्यावर बराच वेळ फळ्यांवरून नजर फिरवत होत्या.

"डबे कुणी लावले?" त्या म्हणाल्या. शब्द जड होता, पण स्वच्छ होता.

"मी."

"मीठ वर ठेवलंस? वर? पावसाळ्यात पाणी सुटंल त्याला. आणि ही हळद उघडी. सुमननं बघितलं असतं तर..." त्यांनी डाव्या हाताने पदर डोळ्यांना लावला आणि त्यातूनच बोलत राहिल्या. मिठावरून त्या सुमनच्या लोणच्यावर गेल्या. लोणच्यावरून ती एकदा त्यांना ओरडली होती त्यावर, तिथून तिच्या हसण्यावर, आणि ती त्यांना पहिल्यांदा भेटली त्या दिवसावर. त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. बायकोविषयी इतकं काही माहीत व्हायचं राहिलं होतं, हे मी ओट्याला टेकून ऐकत होतो.

चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा कासमभाई ढाळाच्या खालच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसले होते. आतला आवाज तिथपर्यंत येत होता.

"बोलते हाय ना?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"थांबत नाहीयेत."

त्यांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत.

"मस्कतला होतो तेव्हा ही कॅसेट भरून पाठवायची. एक बाजू शिव्या, एक बाजू घरचं. मी दोन्ही बाजू ऐकायचो, रोज. खोलीतले बाकीचे पण ऐकायचे, त्यांना पाठ झालेल्या. आता ही समोर बसलेली असते, मास्तर, आणि घरात पंख्याचा आवाज येतो." त्यांनी मान खाली घातली. "आज काय बोलते?"

"मला ओरडतायत. मिठावरून."

"अच्छा," ते म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "मिठावरून. अच्छा." आणि मग चहाचा घोट घेतला.

अजान झाली तेव्हा हलिमाबी निघाल्या. आमच्याकडे दुःखाच्या घरी भेटायला आलेला माणूस निघताना 'येतो' म्हणत नाही. तो नुसता उठतो आणि जातो. पुन्हा अशा कामासाठी यावं लागू नये, म्हणून. आळीत सगळ्या धर्मांची माणसं हे पाळतात. गेले दोन महिने माझ्याकडून असेच लोक काही न बोलता उठून गेले होते. मलाही त्याची सवय झाली होती.

खुर्ची तुळशीच्या वळणावर आली आणि हलिमाबींनी मान मागे वळवली.

"येते रे, मास्तर."

कासमभाईंनी जीभ चावली. "अगो, हितं असं म्हणत नाय."

"म्हायत हाय मला," त्या म्हणाल्या. "तो मिठाचा डबा अजून वरच हाय. उद्या येते."

"या," मी म्हणालो.